कोरा रकाना म्हणजे नेमकं काय?

नवी रुग्णनोंद प्रणाली बसवायचं ठरलं की पहिल्या बैठकीत आम्ही स्क्रीन दाखवत नाही. तुमचे चालू केसपेपर मागतो आणि एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारतो: इथे कोण लिहितं, काय लिहितं, आणि काहीच लिहिलं नसेल तर त्याचा अर्थ काय धरायचा? काही डॉक्टर वैतागतात. तरी आम्ही विचारतोच.

'औषधांची अ‍ॅलर्जी' हा रकाना घ्या. कागदावर तो कोरा दिसला तर डॉक्टर रुग्णाला पुन्हा विचारतात. संगणक विचारत नाही. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाची जुनी माहिती नव्या प्रणालीत आणताना आमच्याच प्रोग्रामने सगळे कोरे रकाने 'अ‍ॅलर्जी नाही' असे भरून टाकले. चूक पकडली ती तिथल्या सिस्टरांनी. पेनिसिलिनने अंगभर पुरळ उठलेली एक रुग्ण त्यांना चेहऱ्याने ओळखीची होती, म्हणून. तेव्हापासून या रकान्यात चार उत्तरं वेगवेगळी असतात: 'विचारलेलं नाही'; 'विचारलं, नाही म्हणाले'; 'रुग्णाला माहीत नाही'; आणि 'आहे, अमुक औषधाची, अमुक त्रास होतो'.

लॅबच्या नोंदींत गोंधळ याहून जास्त. 'शुगर १२६' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मधुमेहाची सीमारेषा आहे. जेवणानंतर तोच आकडा आला तर काळजीचं कारण नाही. शिवाय काही यंत्रं मिलिमोल प्रति लिटर या दुसऱ्या एककात मोजतात, तिथे हाच आकडा ७.० होतो. म्हणून आम्ही तपासण्यांना लोइंकचे, म्हणजे लॅब तपासण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले, कोड लावतो. रक्तद्रवातल्या उपाशीपोटीच्या ग्लुकोजला मिलिग्रॅमच्या मापासाठी १५५८-६, मिलिमोलच्या मापासाठी १४७७१-०. तपासणी एकच असताना दोन कोड कशाला, असं वाटेल. पण दोन्ही आकडे एकाच आलेखावर न बदलता आले तर रुग्णाची साखर एका रात्रीत अठरापट उतरलेली दिसेल.

निदानासाठी स्नोमेड सीटी हा वैद्यकीय संज्ञांचा आंतरराष्ट्रीय संच. हार्ट अटॅक, एमआय, मायोकार्डियल इन्फार्क्शन, काहीही टाइप करा, आत २२२९८००६ हीच संकल्पना साठवली जाते. या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही, आणि ते मुद्दाम तसंच ठेवलेलं आहे. वैद्यकीय माहितीशास्त्रातले अमेरिकी तज्ज्ञ जेम्स सिमिनो यांनी १९९८ मध्ये चांगल्या वैद्यकीय संज्ञासंचाच्या कसोट्या मांडल्या, त्यांत हीही होती: कोड अर्थहीन असावा, आणि एकदा दिलेला कोड पुन्हा दुसऱ्या कशालाही देऊ नये. तुमच्या स्वतःच्या याद्यांनाही आम्ही हाच नियम लावतो. बंद झालेल्या तपासणीचा नंबर रिकामा दिसला तरी तो वापरायचा नाही.

आयसीडीचे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाचे, कोड आधीच आहेत, मग हे कशाला, असं बरेच जण विचारतात. आयसीडी मोजदादीसाठी आहे. त्यात 'इतर' आणि 'अनिर्दिष्ट' असे कप्पे असतात, आणि आवृत्तीबरोबर कप्पे हलतात. आयसीडी-१० मध्ये पक्षाघाताचा झटका रक्ताभिसरणाच्या विकारांत होता. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये तो मज्जासंस्थेच्या विकारांत गेला. नोंद स्नोमेडमध्ये असेल तर हवा तो आयसीडी कोड त्यावरून काढायची सोय करता येते. नुसत्या आयसीडी कोडावरून मूळ निदानाचा तपशील परत मिळत नाही.

दुसऱ्या रुग्णालयाला माहिती पाठवायची तर एचएल-सेव्हन या संस्थेचं फायर हे आरोग्य माहितीच्या देवाणघेवाणीचं मानक वापरतो. ते आमचं काम, त्यात तुम्हाला डोकं घालावं लागत नाही.

सगळंच कोडांत कोंबायचंही नसतं. रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली तक्रार आम्ही मोकळ्या मजकुरातच ठेवतो. तीस पर्यायांची यादी समोर आली की घाईत माणूस पहिलाच निवडतो.

पहिल्या बैठकीला येताना नावं झाकलेले पन्नासेक केसपेपर आणा, लॅबची तपासण्यांची यादी एककांसह, आणि तुमच्याकडे चालणारी लघुरूपं. 'एमएस' म्हणजे एका विभागात मायट्रल स्टेनोसिस आणि दुसऱ्यात मल्टिपल स्क्लेरॉसिस असेल, तर ते आम्हाला त्याच दिवशी कळलेलं बरं. आणि वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, ते नाव आधीच ठरवून या.