अमेरिकेतले समान शिक्षणसंधीचे फेडरल कायदे

अमेरिकेत शाळा हा राज्यांचा विषय, तिथल्या घटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, त्यामुळे फेडरल (म्हणजे केंद्र) सरकारला शाळेत शिरायला वाटा दोनच, एक १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती (कायद्याचं समान संरक्षण) आणि दुसरी पैसा. माझ्या मते जास्त काम पैशानेच केलं.

१८९६ च्या प्लेसी खटल्यात सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्यांसाठी 'वेगळं पण समान' चालेल म्हटलं, तो खटला खरं तर रेल्वेच्या डब्याचा, पण शाळाही त्याच आडोशाने वेगळ्या राहिल्या. १७ मे १९५४ ला ब्राऊन खटल्यात सगळ्या जजनी एकमताने ते मोडीत काढलं, मात्र मुदत घालून दिली नाही, मग दक्षिणेतल्या राज्यांनी चालढकल केली नसती तरच नवल. १९५७ मध्ये लिटल रॉकला नऊ काळ्या मुलांना शाळेत पोचवायला अध्यक्ष आयझेनहॉवरना लष्कर पाठवावं लागलं. ब्राऊन निकालानंतर दहा वर्षांनीही दक्षिणेत गोऱ्यांबरोबर शिकणारी काळी मुलं शेकडा दोन-तीनच!

१९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टचं टायटल सिक्स (सहावा भाग) सांगतं, भेदभाव केलात तर फेडरल पैसा बंद. पण तेव्हा शाळांना तो पैसा मिळायचाच किती? ती कसर १९६५ च्या शालेय शिक्षणाच्या कायद्याने भरून काढली, त्यातल्या टायटल वनमधून गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना मोठा निधी सुरू झाला. तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन स्वतः पूर्वी कोटुला गावात मेक्सिकन मुलांचे मास्तर होते, या कायद्यावर सही त्यांनी टेक्सासमधल्या आपल्या लहानपणच्या शाळेपाशी, जुन्या बाईंना शेजारी बसवून केली. आता शाळांकडे गमवायला काहीतरी होतं, आणि दक्षिण भराभर हलली.

हीच युक्ती पुढे मुलींसाठी (१९७२, टायटल नाइन) आणि अपंगांसाठी (१९७३, सेक्शन ५०४) वापरली. इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी शाळांनी काहीतरी केलंच पाहिजे हे १९७४ च्या कायद्यात आलं, तर १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला मोफत शिक्षण आणि शिक्षणाचा स्वतःचा प्लॅन (आयईपी) मिळाला, तिकडचे मराठी पालक 'आयईपी मीटिंग' म्हणतात ती यातलीच. वाढीव खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचं ठरलं होतं, तेवढा मात्र वॉशिंग्टनने कधीच दिला नाही.

२००२ चा नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड हा कायदा परीक्षांच्या मागे लागला, २०१५ च्या नव्या कायद्याने बरेच अधिकार परत राज्यांकडे गेले.

मोठं भगदाड १९७३ चं. रॉड्रिग्ज खटल्यात कोर्टाने ५-४ ने ठरवलं की शिक्षण हा फेडरल घटनेतला मूलभूत हक्क नाही, म्हणजे त्या त्या भागातल्या घरपट्टीवर शाळा चालवायला हरकत नाही, मग श्रीमंत भागातल्या शाळांना जास्त पैसा मिळाला तरी. त्यामुळे आजही घर घेताना लोक आधी स्कूल डिस्ट्रिक्ट (ते घर कुठल्या शाळांच्या हद्दीत येतं ते) बघतात, आणि चांगल्या डिस्ट्रिक्टमधली घरं महाग असतात.