लेथचा पट्टा आणि ३८ अंशांची खाच

जुन्या लेथचा, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्राचा, पट्टा घसरायला लागला की कारखान्यात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, मोटर खाली ओढ आणि पट्टा अजून ताण. दोन, 'ए' मापाचा काढून 'बी' मापाचा घाल; जाड आहे, जास्त ओढेल. पहिल्या सल्ल्याने स्पिंडलचं, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या मुख्य दांड्याचं, बेअरिंग जातं. दुसऱ्या सल्ल्याने पैसे जातात आणि पट्टा घसरायचा तो घसरतोच.

हा पट्टा म्हणजे व्ही-बेल्ट, खाली निमुळता होत जाणारा. तो पुलीच्या खाचेच्या तळावर टेकत नाही, टेकूही नये. तो ओढतो त्याच्या तिरक्या कडांनी. 'ए' पट्टा वर १३ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड, 'बी' १७ मिमी रुंद आणि ११ मिमी जाड. दोन्हींच्या कडांमधला कोन ४० अंशांचा. हा कोन काय करतो ते कळायला आधी साधा सपाट पट्टा घेऊ, जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीच्या लेथवर असायचा तसा.

पुलीभोवती गुंडाळलेल्या पट्ट्याची एक बाजू ताठ असते, दुसरी सैल. पट्टा न घसरता या दोन ताणांमध्ये किती पट फरक राहू शकतो, हे गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने मांडलं आणि पुढे आयटेलवाइन या जर्मन अभियंत्याने ते अभियांत्रिकीत रुळवलं. उत्तर असं: घर्षणांक (पट्टा आणि पुली यांच्यातल्या घर्षणाचं माप) आणि वेढ्याचा कोन (रेडियनमध्ये) यांचा गुणाकार करा आणि २.७१८ या संख्येचा तेवढा घात घ्या. घर्षणांक ०.३ आणि वेढा अर्ध्या वर्तुळाचा असेल तर घातांक येतो ०.९४ आणि गुणोत्तर सुमारे २.६. पट्ट्याची रुंदी या सूत्रात कुठेच नाही. रुंद पट्टा लवकर तुटत नाही, एवढंच.

आता पट्टा खाचेत बसवा. ताणामुळे तो पाचरीसारखा आत रुततो आणि दोन्ही भिंतींवर दाब टाकतो. खाच ३८ अंशांची असेल तर हा दाब, आणि म्हणून घर्षणही, १९ अंशांच्या साइनने भागल्याइतकं वाढतं, म्हणजे जवळजवळ तिप्पट. घर्षणांक ०.३ चा ०.९२ झाल्यासारखं. पण हा आकडा घातांकात बसलाय! घातांक २.८९ होतो आणि २.६ चं गुणोत्तर एकदम १८ वर जातं. रबर तेच, वेढा तोच, फक्त कडा तिरक्या.

लेथला याचा फायदा काय? समजा मोटर एक अश्वशक्तीची आहे आणि पट्टा सेकंदाला ५ मीटर धावतोय. मग ताठ आणि सैल बाजूंच्या ताणात सुमारे १५० न्यूटन फरक लागतो. सपाट पट्ट्याने तो मिळवायचा तर दोन्ही बाजू मिळून स्पिंडलला किमान ३४० न्यूटनने, म्हणजे जवळपास ३५ किलोच्या भाराने, खेचतात. व्ही-बेल्ट तेच काम निम्म्या भारात करतो. बेअरिंग का वाचतं ते इथे दिसतं. करकचून ताणणारे नेमका हाच फायदा घालवतात.

मग खाच अजून निमुळती का नाही करत? कारण पाचर सुटायलाही हवी. घर्षणांक ०.३ असताना खाच ३३ अंशांच्या खाली गेली की पट्टा स्वतःहून बाहेर यायला तयार नसतो. प्रत्येक फेरीत त्याला उपसून काढावं लागतं. आणि ४० अंशांच्या पट्ट्याला ३४ ते ३८ अंशांची खाच का? पट्टा वाकला की आतलं रबर दाबलं जाऊन फुगतं आणि वरचं ताणलं जाऊन आकसतं, त्यामुळे कडांमधला कोन कमी होतो. पुली जितकी लहान तितका तो जास्त वाकतो, म्हणून लहान पुलीची खाच ३४ अंशांची, मोठीची ३८. मला स्वतःला सगळ्या यंत्रात हा चार अंशांचा फरक सर्वांत सुंदर वाटतो, पण टर्नर मंडळींना याचं फारसं कौतुक नसतं.

आता दुसरा सल्ला पुन्हा बघा. 'ए'च्या खाचेत 'बी' घातला की साडेपाच मिमी, म्हणजे अर्धा पट्टा, वर उघडा राहतो. ताण सोसणाऱ्या दोऱ्या असतात त्याच भागात, आणि त्यांना खाचेच्या भिंतींचा आधार उरत नाही. ओढ वाढत नाही, आयुष्य मात्र घटतं.

घसरणाऱ्या पट्ट्यावर राळ, डांबर किंवा साबण चोळणारे आहेतच. राळेने तासभर पकड येते, मग तिच्यात धूळ आणि किस चिकटून कडा गुळगुळीत होतात. खंडेनवमीला लेथची पूजा जरूर करा, पण कुंकू-गुलाल खाचेत उडवू नका. कोरड्या भुकटीला घर्षण वाढवण्यात रस नसतो. 'इम्पोर्टेड' आणि 'डबल लाइफ' हे शिक्केही त्याच जातीचे.

नवा पट्टा आणण्याआधी पुलीत बॅटरी मारून पाहा. खाचेचा तळ चकाकत असेल तर जुना पट्टा तळावर टेकत होता, म्हणजे व्ही-बेल्ट असूनही सपाट पट्ट्यासारखाच चालत होता. दोष तिथे झिजलेल्या पुलीचा असू शकतो, आणि मग नवा पट्टाही घसरेल. सेक्शन, म्हणजे 'ए' की 'बी', जुन्या झिजक्या पट्ट्यावरून ठरवू नका, खाचेचं तोंड मोजा. लांबीसाठी मोटर ती पुढेमागे सरकवायच्या फटीच्या मधोमध ठेवा आणि दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या कडेवरून सुतळी फिरवा. ही झाली बाहेरची लांबी. पट्ट्यावरचा जुना नंबर आतली लांबी इंचात सांगतो. म्हणून 'ए'साठी सुमारे २ इंच वजा करा, 'बी'साठी पावणेतीन. दोन-तीन पट्टे शेजारी चालत असतील तर सगळे एकदम बदला, नाहीतर नवा एकटाच भार उचलतो.

लेथ महिनोन्महिने बंद राहत असेल तर पट्टा पुलीवरचा बाक लक्षात ठेवतो आणि सुरू केल्यावर दर फेरीला एक हिसका देतो. तो जॉबच्या फिनिशमध्ये उमटतो. अशा ठिकाणी कड्या जोडून केलेला लिंक बेल्ट बरा. तो बाक धरत नाही, लांबी कडी काढून-घालून जमवता येते आणि अखंड पट्ट्यासाठी स्पिंडल उतरवावा लागत असेल तर तेही काम वाचतं. महाग असतो. त्यावर दिशेचा बाण असेल तर पुली फिरते त्याच दिशेला ठेवून बसवा. साधा रबरी पट्टा घेतलात तर दिवसभर चालवून पुन्हा एकदा ताण तपासा, कारण कडा खाचेत बसेपर्यंत तो थोडा सैलावतो.