वॉश आणि ग्लेझ: दोन्ही पातळ, पण एक नव्हेत

'शेल्यावर वॉशचे तीन-चार ग्लेझ मारले.' सतराव्या शतकातल्या युरोपी सेनापतींचे छोटे पुतळे रंगवणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. जे मारलं ते एकतर वॉश होतं (खाचांत उतरणारा ओला, पातळ रंग), नाहीतर ग्लेझ (लावू तिथेच राहणारा पारदर्शक थर). शेल्याकडे, म्हणजे सेनापतीच्या अंगावरच्या रेशमी पट्ट्याकडे, पाहिलं की कोणतं ते लगेच कळतं, आणि बहुतेक वेळा तो बिचारा वॉशच असतो.

वॉश सगळ्यांना येतो. बेसकोट, म्हणजे खालचा मूळ रंग, वाळला की भरल्या ब्रशने सोडायचा. तो चुण्यांत, बटणांभोवती, दाढीच्या खाचांत उतरतो, उंचवटे मोकळे राहतात आणि सावली फुकटात मिळते. बफ कोटाच्या (सैनिकांच्या जाड चामडी कोटाच्या) पिवळट चामड्यावर सेपिया, म्हणजे गडद तपकिरी, वॉश झकास बसतो. काळा वॉश तिथे नको, चामडं मेल्यासारखं दिसतं.

खरा घोळ पुढे आहे. 'ग्लेझ म्हणजे आणखी पाणी घातलेला वॉश' असं अनेकांच्या डोक्यात बसलंय. फरक पातळपणाचा नाहीच. ब्रशमध्ये ओल किती आणि रंग कुठे थांबायचा हे कोण ठरवतं, याचा आहे. वॉश भरपूर ओला असतो, त्यामुळे तो स्वतःच वाट काढत खाचेत जातो. ग्लेझ जिथे लावला तिथेच राहिला पाहिजे. रंगाच्या एका थेंबाला मीडियमचे (रंग पातळ करायच्या पारदर्शक द्रवाचे) पाच-सहा थेंब घ्या. नुसतं पाणी वाढवलं तर ॲक्रिलिकची पकड सुटते आणि वाळल्यावर खडूसारखे डाग उठतात. मग ब्रश बुडवून टिश्यूवर आडवा टेकवा, जादा ओल शोषली जाऊ दे. पुतळ्याला हात लावण्याआधी अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा. रेघ फुगून नखाच्या कडेकडे ओघळली, तर बाटलीवर काहीही छापलेलं असो, तुमच्या हातात वॉश आहे. रेघ जागेवर राहून बघता बघता वाळली, तर ग्लेझ.

दिशेचंही तसंच. रेघ संपवून ब्रश जिथे उचलता, तिथे पिगमेंट सर्वांत जास्त उतरतं. म्हणून सावली गडद करायची तर ब्रश उजेडाकडून सावलीकडे ओढायचा, उलट नाही. ही एक गोष्ट न सांगता ग्लेझिंग शिकवणारे महाभाग पुष्कळ आहेत. आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा, नाहीतर नवा हात खालचा रंग उचलून नेतो.

ग्लेझ दिव्यावर धरलेल्या रंगीत जिलेटीनच्या कागदासारखा काम करतो: खालचा उजेड-अंधार दिसत राहतो, वरून रंगाची छटा चढते. म्हणूनच शेल्याला तो लागतो. शेला रेशमी, सपाट भाग मोठे. तिथे वॉश साचला की वाळताना कडेला डाग धरतो. शिवाय त्या काळात सैन्यांना एकसारखे गणवेश फारसे नव्हते, बाजू ओळखायची ती बरीचशी शेल्यावरून. पवित्र रोमन सम्राटाचे सरदार लाल शेला घालत, डच नारिंगी. १६४२ मध्ये, इंग्लंडात राजा आणि संसद यांच्यात झालेल्या यादवीतल्या एजहिलच्या लढाईत, अर्ल ऑफ एसेक्सच्या संसदेच्या फौजेचा शेला नारिंगी होता, राजाच्या बाजूचा लाल. आता एसेक्सच्या नारिंगी शेल्यावर तांबूस तपकिरी वॉश ओता: संसदेचा सेनापती राजाला फितूर! त्यापेक्षा नारिंगीचे दोन-तीन टप्पे करा आणि खोल चुण्यांतच विटकरी ग्लेझ द्या.

चेहऱ्यावर तर ग्लेझला पर्याय नाही. ल्युत्झेनच्या (१६३२) लढाईसाठी स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ आणि सम्राटाचा सेनापती वालनश्टाइन दोघांना एकाच त्वचेच्या रंगाने सुरुवात करा. गुस्ताव्हच्या गालांवर, नाकावर तांबडा ग्लेझ; वालनश्टाइन तेव्हा गाऊटने (सांधे सुजवणाऱ्या दुखण्याने) बेजार होता, त्याच्या डोळ्यांखाली आणि गालफडांत किंचित निळसर-हिरवा. जाता जाता, ल्युत्झेनच्या गुस्ताव्हला चकचकीत चिलखत चढवू नका. १६२७ मध्ये लागलेल्या गोळीमुळे चिलखताचं ओझं त्याला सोसत नव्हतं. त्या दिवशी तो बफ कोटातच होता, आणि तो कोट स्टॉकहोममध्ये आजही आहे.

बाकीचे फरक किरकोळ. वॉशला जुना ब्रश चालतो, ग्लेझला टोक शाबूत असलेला लागतो. वॉश आधी, ग्लेझ शेवटाकडे. कॉन्ट्रास्ट पेंट, म्हणजे एकाच हातात रंग आणि सावली दोन्ही देणारा रंग, हे तिसरंच प्रकरण. घोड्यांना ठीक, सेनापतीच्या चेहऱ्याला माझ्याकडे बंदी. लेसच्या पांढऱ्या कॉलरीला मात्र दोन्ही नकोत: फिकट राखाडी बेसकोट द्या आणि उठावाची नक्षी तेवढी पांढऱ्याने उचला.