गेम अडकतोय? नवं ग्राफिक कार्ड घेण्याआधी कर्नल पाहा

लिनक्सवर गेम खेळणाऱ्या आमच्या नागपूरकर ग्राहकांसाठी

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि अनेकांनी चांगल्या चालत्या पीसीवर आमच्याकडून लिनक्स मिंट टाकून घेतलं. आता प्रश्न येतो: "काउंटर सेकंदाला साठ फ्रेम्स (चित्रं) दाखवतो, तरी गेम झटके का देतो?" सीताबर्डीला जाऊन हजारो रुपये मोजण्याआधी एवढं वाचाच.

साठ फ्रेम्स म्हणजे एका फ्रेमला साधारण 16.7 मिलीसेकंद. मध्येच एखाद्या फ्रेमला 60 मिलीसेकंद लागले तर सरासरी फारशी हलत नाही, पण ऐन वळणावर गाडी अडखळली हे हाताला लगेच कळतं. कार्डात दम असूनही त्याच्यापर्यंत काम वेळेवर पोचत नाही, असं बऱ्याचदा असतं. प्रोसेसर कोणत्या थ्रेडला (प्रोग्राममधल्या कामाच्या एका धाग्याला) कधी द्यायचा, मेमरीतून काय काढायचं, हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ठरवतो.

विंडोजचा गेम लिनक्सवर वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा त्यावरच बेतलेल्या स्टीमच्या प्रोटॉनमधून चालतो. आवाज, नकाशा, शत्रूंच्या हालचाली ही कामं वेगवेगळे थ्रेड करतात आणि सारखे एकमेकांसाठी थांबतात. विंडोजमध्ये हा हिशोब तिथला कर्नलच ठेवतो. वाइनमध्ये मात्र त्यासाठी वाइनसर्व्हर नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे जावं लागे, म्हणजे अख्ख्या ऑफिसला एकच खिडकी. जानेवारी 2022 च्या 5.16 क्रमांकाच्या लिनक्स कर्नलमध्ये एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट पाहण्याची सोय आली. मार्च 2025 च्या 6.14 मध्ये वाइनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्स कंपनीच्या एलिझाबेथ फिगुरा यांचं एनटीसिंक नावाचं काम पूर्ण झालं आणि विंडोजची ती पद्धत थेट लिनक्स कर्नलमध्ये आली. आमच्या मते गेमर्ससाठी अलीकडचं हे सर्वांत मोलाचं काम आहे.

तरीही आकड्यांनी हुरळून जाऊ नका. एनटीसिंकच्या चाचणीत डर्ट 3 हा गेम 110 वरून 860 फ्रेम्सवर गेला, हे खरं. पण ती तुलना साध्या वाइनशी होती. प्रोटॉन आधीपासूनच एफसिंक ही याच कामाची दुसरी जलद पद्धत वापरतं, त्यामुळे स्टीमवर फरक थोडा, कधी अजिबात नाही. दुप्पट फ्रेम्सचं आश्वासन आम्ही कोणालाही देत नाही.

रॅम 8 जीबीच असेल तर 6.1 किंवा त्यापुढचा कर्नल घ्या. मेमरी भरत आल्यावर काय ठेवायचं आणि काय काढायचं, याची नवी पद्धत त्यात आहे. 6.6 पासून शेड्युलर, म्हणजे प्रोसेसरची पाळी ठरवणारा कर्नलचा भाग, हाही बदलला. क्वचित उलटंही होतं: 5.19 मध्ये आलेल्या एका बंधनामुळे काही प्रोसेसरवर गॉड ऑफ वॉर फारच मंदावला होता. ते बंधन बंद करायची सोय 6.2 मध्ये आली.

आपला कर्नल कोणता ते मिंटच्या 'सिस्टीम इन्फो'मध्ये दिसतं. मिंट 22 सोबत 6.8 आला होता, 22.2 सोबत 6.14 येतो. बदलायचा असल्यास अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत 'लिनक्स कर्नल्स' उघडा. जुना कर्नल लगेच काढू नका. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर नव्या कर्नलवर ड्रायव्हर न बसल्याने कधी स्क्रीन काळी राहते. घाबरू नका, फॉरमॅट तर मारूच नका. पीसी सुरू होताना 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा, सगळं पूर्वीसारखं चालू होईल.

व्हॅलोरंट मात्र कोणत्याही कर्नलने लिनक्सवर चालणार नाही. त्याची अँटी-चीट (खेळातली फसवणूक रोखणारी) व्यवस्था विंडोजच मागते. आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला, की तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तिथे आधी टॉवरमधली धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला. डेझर्ट कूलरच्या थेट झोतात टॉवर ठेवू नका, ती हवा दमट असते.

टॉवर दुकानात आणलात तर तुमचाच गेम लावून, मँगोहड या फ्रेम्स मोजणाऱ्या प्रोग्रामवर फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख कर्नल बदलण्याआधी आणि नंतर तुमच्यासमोर दाखवू. येताना स्टीमचा पासवर्ड लक्षात असू द्या, आणि गेम आधीच डाउनलोड करून ठेवा.