चेतापेशीसाठी किती मोठा लॅपटॉप लागतो?

"मामा, ग्राफिक्स कार्डवालाच घ्यावा लागेल. लाखाच्या पुढे जाईल." भाचीचा फोन. फिजिक्समध्ये बीएस्सी झाली, आता एमएस्सीला संगणकीय चेताविज्ञानाचा, म्हणजे मेंदूतल्या पेशींचं काम संगणकावर समीकरणांनी उभं करण्याचा पेपर निवडलाय. विषयाच्या नावात मेंदू आणि संगणक दोन्ही आले की माणसं आधी पाकीट चाचपतात.

तिला मी हक्स्लीची गोष्ट सांगितली. हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांच्या जोडीने स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाडजूड अक्षतंतूवर, म्हणजे चेतापेशीच्या संदेश वाहणाऱ्या लांब धाग्यावर प्रयोग करून चेतासंदेश कसा उठतो याची समीकरणं मांडली, 1952 साली ती प्रसिद्ध झाली आणि 1963 साली दोघांना नोबेल मिळालं. समीकरणं सोडवायची वेळ आली तेव्हा केंब्रिज विद्यापीठाचा संगणक फेरबदलांसाठी सहा महिने बंद होता. मग हक्स्लीने हाताने दांडा फिरवायचं ब्रुन्सव्हिगा हे गणनयंत्र घेतलं आणि आकडेमोड हातानेच केली. एका संदेशाला काही दिवस लागत. तो अक्षतंतूवरून पुढे सरकताना दाखवायचा तर आठवडे. तेच गणित आज आठ जीबीचा जुना लॅपटॉप डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. याच विषयाच्या न्यूरोमॅच अकॅडमी या ऑनलाइन शाळेचे 2020 पासून चाललेले वर्ग तर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅबवरच, म्हणजे गूगलच्या संगणकांवर चालतात.

लॅपटॉपचा प्रश्न मिटला. खरी डोकेदुखी पुढे असते.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा टाकायची, त्यावर आकडेमोडीसाठी नमपाय आणि आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब, मग संगणकावर चेतापेशी चालवण्यासाठी ब्रायन किंवा न्यूरॉन नावाचं सॉफ्टवेअर. ब्रायन तुमची समीकरणं वाचून त्यांचा सी प्लस प्लस कोड तयार करतं, म्हणून मशीनवर कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम हवा. नसेल तर काम होतं, पण रखडत. न्यूरॉनमध्ये आयनमार्गांच्या (पेशीच्या भिंतीतल्या, विद्युतभारित कणांना ये-जा करू देणाऱ्या दारांच्या) फायली आधी कंपाइल कराव्या लागतात. विंडोजवर फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरं असली की ही साखळी कुठे तुटेल सांगता येत नाही. माझी एक अख्खी दुपार 'नवीन फोल्डर'मुळे वाया गेली आहे.

आणि प्रत्येक कोर्ससाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट. ज्या घरात मासळीचं पातेलं आणि प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं वेगळं असतं, त्या घरातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. नमपायची दुसरी मोठी आवृत्ती 2024 च्या जूनमध्ये आली आणि जुन्या आवृत्तीवर बांधलेली कितीतरी पॅकेजेस अडखळली. एका विषयासाठी केलेलं अपडेट दुसऱ्या विषयाची असाइनमेंट बंद पाडतं. एन्व्हायर्नमेंट म्हणजे जादू नव्हे, स्वतःची पॅकेजेस स्वतःजवळ ठेवणारा वेगळा फोल्डर. सोवळं-ओवळं पाळण्यात मी पाहिलेली ही एकमेव शास्त्रीय जागा.

इथवर जे बिघडतं ते निदान लाल अक्षरांत ओरडतं तरी. मला भीती वाटते ती मुकाट्याने चुकणाऱ्या गोष्टीची, म्हणजे काळाच्या पावलाची.

सगळ्यात साधी चेतापेशी घ्या. ती गळक्या बादलीसारखी असते. विद्युतदाब वाढवला की गळून गळून पुन्हा आपल्या विराम-पातळीवर येते. ही पातळी उणे 70 मिलिव्होल्ट धरू, गळण्याचा काळांक (गळती किती सावकाश होते ते सांगणारा वेळ) 10 मिलिसेकंद, आणि उणे 50 ओलांडले की पेशी संदेश सोडते. संगणकाला अखंड वाहणारा काळ कळत नाही. तो पावलं टाकतो आणि दर पावलाला म्हणतो:

नवा दाब = जुना दाब + (पाऊल ÷ काळांक) × (विराम-पातळी − जुना दाब)

म्हणजे विरामापासूनचं अंतर दर पावलाला (1 − पाऊल ÷ काळांक) या संख्येने गुणलं जातं. दाब उणे 60 वर ठेवून सोडून द्या, अंतर 10. पाऊल 1 मिलिसेकंदाचं असेल तर गुणक 0.9: अंतर 10, 9, 8.1, 7.29. दहा मिलिसेकंदांनी 3.49 उरतं, खरं उत्तर 3.68. चालेल. पाऊल 10 चं केलं तर गुणक शून्य, पेशी एका उडीत विरामाला. पाऊल 15: गुणक उणे अर्धा, दाब विरामाच्या खाली-वर झोके घेत स्थिरावतो. खऱ्या पेशीत झोके नाहीतच, पण आलेख इतका देखणा येतो की विद्यार्थी त्याला 'दोलन' म्हणून मोकळा होतो. आता पाऊल 25 करा. गुणक उणे दीड. अंतर 10, उणे 15, मग 22.5. दाब उणे 60 वरून उणे 85, तिथून उणे 47.5. उणे 50 ओलांडले! बाहेरून कसलंही उद्दीपन नाही, आणि पेशीने संदेश सोडला. कुठेही एरर नाही.

काळांकाच्या दुपटीपलीकडे पाऊल गेलं की हे होणारच. साध्या पेशीत तुम्ही म्हणाल, 25 मिलिसेकंदांचं पाऊल कोण घेतं? हॉजकिन-हक्स्लीच्या समीकरणांत मात्र सोडियमच्या झटकन उघडणाऱ्या दारांचा काळांक अर्धा मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी असतो, आणि तिथे निरुपद्रवी दिसणारं एक मिलिसेकंदाचं पाऊलही घात करतं. न्यूरॉनमध्ये मुळातच 0.025 मिलिसेकंदांचं पाऊल ठरवलेलं असतं ते उगाच नाही.

स्क्रीनवर चमकणाऱ्या चेतापेशी पाहून माणूस भुलतो. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणाऱ्या 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या वर्गांबाहेरही अशीच मेंदूची रंगीत चित्रं लावलेली असतात. तिथे नाक आणि पट्टी यांच्यामधली फट तपासायची. इथे पाऊल निम्मं करून तोच प्रोग्राम पुन्हा चालवायचा. उत्तर बदललं तर पहिलं उत्तर पेशीचं नव्हतं, पावलाचं होतं.

भाचीने जुन्याच लॅपटॉपवर सगळं बसवलं. परवा आलेख पाठवला, उंदराच्या चेतापेशीचा. पाऊल निम्मं करूनही तोच आला होता. मी विचारलं, तापमान किती ठेवलंस? न्यूरॉनमध्ये तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ते 6.3 अंश सेल्सिअस असतं, हॉजकिन आणि हक्स्लीच्या थंड स्क्विडचं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "म्हणजे मी आठवडाभर फ्रिजमधला उंदीर चालवत होते?"