पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोचतं?

पूर्वेकडे जाणारं विमान लवकर पोचतं ते पृथ्वीच्या फिरण्यामुळे, असं सर्रास सांगितलं जातं. पण जमिनीबरोबर हवाही फिरते. तसं नसतं, तर मुंबईवर तासभर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर थेट ओमानच्या किनाऱ्यापाशी उतरलं असतं!

खरी करामत जेट स्ट्रीमची. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट वाहणारा हा वारा, कधीकधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. (त्याच्या दिशेत पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण आडून.) २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं, तरी वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांतच पोचलं. त्याच वाटेने परतायचं तर मात्र हाच वारा तोंडावर येतो.