भिक्खूच्या हातातला फोन

मंडाले म्हटले की आपल्याला लोकमान्यांचा तुरुंगवास आठवतो. ब्रह्मदेशातल्या त्याच शहरात जुलै २०१४ च्या सुरुवातीला मोबाइलवरून एक बातमी फिरली: मुसलमान चहावाल्याने बौद्ध स्त्रीवर बलात्कार केला. अशिन विराथू या नामांकित भिक्खूंनी ती फेसबुकवर पुढे पाठवली. जमाव रस्त्यावर उतरला. दोघांचा जीव गेला, एक मुसलमान आणि एक बौद्ध. आरोप बनावट होता, हे नंतर उघड झाले.

म्हणूनच भिक्खूंनाही माध्यम साक्षरता, म्हणजे बातमी पारखून घेण्याची रीत, शिकवायला हवी. ती गरज का पडली, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. या देशात जवळपास अर्धशतक छापण्याआधीच मजकूर सरकारकडे तपासणीला जायचा. ही पद्धत ऑगस्ट २०१२ मध्ये संपली. तोवर लोकांचा भरवसा परदेशी रेडिओवर, चहाच्या दुकानातल्या गप्पांवर आणि विहारातल्या भन्तेंवर. मुले श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होतात ती विहारात, गरिबाघरची पोरे अक्षरे गिरवतात तीही तिथेच. भन्ते बोलले की उलटतपासणी कोणी करत नाही. २००७ मध्ये हेच भिक्खू भिक्षापात्रे उपडी धरून लष्करशाहीविरुद्ध चालत निघाले. ती दृश्ये देशाबाहेर पोचू लागली तसे सरकारने इंटरनेटच तोडले. तेव्हा खरी बातमी जगापुढे आली ती भिक्खूंच्या या मोर्चांमुळे, हे विसरता कामा नये.

पुढचा बदल फार वेगाने झाला. एकेकाळी हजारभर डॉलरना मिळणारे सिम कार्ड २०१४ मध्ये दीड हजार च्यातला, म्हणजे दीडेक डॉलरला मिळू लागले. वर्तमानपत्र चाळायची सवय लागायच्या आत हातात फेसबुक आले आणि अनेकांसाठी तेच इंटरनेट ठरले. कंपनीचे उपायही अपुरे पडले. २०१७ मध्ये तिने 'कलार' हा मुसलमानांना हिणवणारा शब्द गाळायला घेतला, तर हरभऱ्याला म्हणतात त्या 'कलापे'वरही गदा आली!

मला महत्त्वाची वाटते ती विनयातली, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांतली, एक फट. पातिमोक्ख या नियमावलीच्या २२७ नियमांत जाणूनबुजून खोटे बोलणे हा दोष आहे आणि दर उपोसथाला, म्हणजे पंधरवड्याच्या सभेत, तो नियम म्हटला जातो. पण खरे समजून खोटे पुढे पाठवले, तर त्या नियमाने दोष लागत नाही. माध्यम साक्षरतेला काम करायचे आहे ते नेमके इथे, आणि त्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. कालाम नावाच्या लोकांना बुद्धांनी सांगितले: 'मा अनुस्सवेन, मा परंपराय, मा इतिकिराय'. ऐकीव आहे, चालत आले आहे, 'असे म्हणतात' म्हणून मानू नका. हा उपदेश म्हणजे कालामसुत्त, आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहे. त्यातली दहावी, शेवटची अट मात्र भिक्खूंनी स्वतःला लावून पाहावी अशी आहे: 'मा समणो नो गरू', हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही मानू नका.

फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर फेसबुकवर बंदी आली, नाक्यानाक्यांवर सैनिक लोकांचे फोन तपासू लागले. अशा वेळी फोन बाजूला ठेवून, नुसत्या पाली पाठावरही हा धडा घेता येतो.